खाणे बंधनकारक आहे

रोहिदास वारघडेने वाघबकरीचा खेळ संगणकावर चढवायचं मनावर घेतलं ते काही विज्ञानाच्या ओढीने नव्हे. ते कोंबडीमुळे.

मोखाड्याहून जव्हारकडे जाताना करंजपाडा लागतो. तिथे रोहिदासच्या अंगणात एक सपाट कातळ आहे आणि त्यावर डोंगराच्या आकाराचा पट कोरलेला आहे. रेघा जिथे एकमेकींना भेटतात ती घरं. एका गड्याकडे तीन वाघ, म्हणजे काळे गोटे. दुसऱ्याकडे पंधरा बकऱ्या, म्हणजे पांढरे खडे. वाघाने शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांनी गर्दी करून वाघांना हलायला जागा ठेवली नाही की वाघ कोंडले. एवढाच खेळ. पण या एवढ्याशा खेळावर रोहिदास आणि त्याचा शेजारी देवराम गुरुजी यांची कित्येक वर्षं प्रत्येक संध्याकाळ गेली होती. रोहिदास तालुक्याच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक. कोणत्या कचेरीत ते विचारू नये, कारण सगळ्या कचेऱ्यांतले पंखे सारखाच आवाज करतात. देवराम जिल्हा परिषदेच्या शाळेवर. दोघांनाही दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी ऐकवत असे. कातळावर बसलं की मग दोघं एकमेकांना ऐकवत.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी डाव ऐन रंगात असताना रोहिदासची तांबडी कोंबडी पटावरून चालत गेली. तिने एक बकरी पायाने उडवली. देवराम म्हणाला, बकरी डोंगराच्या पोटात होती. रोहिदास म्हणाला, कडेला होती. पोटात असेल तर रोहिदासचा वाघ कोंडला. कडेला असेल तर बकरी मेली. दोघांनीही आपापल्या आईची शपथ घेतली. दोन्ही आया हयात आणि शेजारणी असल्यामुळे त्यांनाही बोलावणं झालं. शेवटी देवराम उठला आणि म्हणाला, "तू शिकवलंयस तिला!"

माणसाने माणसाला लबाड म्हणावं, ते चालतं. पण कोंबडीला प्रशिक्षण दिल्याचा आरोप रोहिदासला फार लागला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर एवढा गंभीर ठपका कोणी ठेवला नव्हता. त्यानेही काहीतरी बोलून घेतलं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

सुरुवातीचे काही दिवस रोहिदासला वाटलं, बरं झालं, संध्याकाळ मोकळी मिळाली. पण मोकळ्या संध्याकाळचं करायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने परसातला दुधी बांधला, सोडला, पुन्हा बांधला. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला, उज्ज्वलाला, भाकरी कशी थापावी ते सांगितलं. उज्ज्वला आश्रमशाळेत शिकवते; दिवसभर दीडशे मुलं सांभाळून आल्यावर घरी एकशे एक्कावन्नावं तिला नको होतं.

"जा ना त्यांच्याकडे," ती म्हणाली. "दहा पावलांवर घर आहे."

"मी का जाऊ? त्याने यावं."

"मग दोघं बसा कोंबडीला दोष देत."

खरं सांगायचं तर रोहिदासला देवराम हवा होता. अगदी जिवापासून हवा होता. पण तो स्वतःहून जाणार नव्हता, आणि देवरामही येणार नव्हता, कारण इतक्या वर्षांत दोघं एकमेकांकडून बाकी काही नाही तरी हट्ट नीट शिकले होते. मग रोहिदासच्या डोक्यात आलं की भांडणाचं मूळ काय, तर बकरी कुठे होती हे कोणाला नक्की सांगता आलं नाही. संगणक विसरत नाही. त्याच्या पटावर कोंबडी चढत नाही. संगणक पंच असेल तर देवरामला यायला तोंड राहील आणि आपल्याला बोलवायला नाक राहील.

हल्ली मोबाइलवर मराठीत सांगितलं की आपोआप प्रोग्राम लिहून देणारी ॲप निघाली आहेत. रोहिदासने तसलं एक घेतलं. करंजपाड्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, म्हणून तो रोज कचेरीतून आला की शिडी चढून टाकीवर बसू लागला. पाड्यावरच्या लोकांना वाटलं, साहेब लोकांनी पाण्याची चौकशी लावली आहे. दोन बायका येऊन नळाची तक्रारही सांगून गेल्या आणि रोहिदासने सवयीने ती ऐकून घेतली.

ॲप अतिशय नम्र होतं. "वाघबकरी! किती सुंदर कल्पना," असं म्हणून त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "वाघाला खाण्याची संधी असेल तर त्याने खाल्लेच पाहिजे, की त्याची इच्छा?"

रोहिदास थबकला. इतकी वर्षं खेळून हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता. वाघ खायचा तेव्हा खायचा, नाही तेव्हा नाही. त्याने खाली उतरून पहिली भेटेल त्या व्यक्तीला विचारलं. पहिली भेटली ती हौशीआत्या, देवरामची चुलती, वय विचारलं की शिव्या देणारी.

"आत्या, वाघाला बकरी दिसली तर खायलाच लागते का?"

"भूक असल तर खाईल ना," हौशीआत्या म्हणाली. "तुला भूक नसताना कोण खाऊ घालतो का?"

"तसं नाही. नियम काय?"

"नियम कशाला? वाघ शाणा असला तर बघल, पुढं कोणी टपलाय का. मंग खाईल." आणि मग आवाज खाली आणून, "आमच्या माहेरी चार वाघ असत. तीन वाघ म्हंजे गरिबाचा खेळ."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ड्रायव्हर तुकाला विचारलं. तुका सूर्यमाळचा. तो म्हणाला, आमच्याकडे वाघ दोनच, आणि वाघ कोंडला की तो मेला, उचलून बाजूला ठेवायचा. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, छे, कोंडलेला वाघ जिवंतच, बकरी हलली की सुटतो. पुढच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, बकऱ्यांनी मागे यायचंच नसतं. यावर तुकाने वळणावर जीप थांबवली, कारण बकरी मागे येत नाही हे ऐकून घेणं त्याला शक्य नव्हतं. "बकऱ्या चारल्यास का कधी?" त्याने विचारलं. वाद एवढा पेटला की मोखाड्याच्या बाजाराला निघालेल्या एका बाईच्या टोपलीतल्या बोरांनी तीन वेळा पट मांडून झाला. रोहिदास कचेरीत उशिरा पोचला, पण उशिराचं कारण लिहायचं कसं हे त्याला सुचेना.

संध्याकाळी टाकीवर तो ॲपला हे सगळं सांगू लागला. ॲपला कशाचाच राग येत नव्हता, हे त्याचं मोठेपण आणि तोच त्याचा त्रास. प्रत्येक उत्तरातून ते दोन नवे प्रश्न काढी. एकच वाघ कोंडला तर? बकरी मागे जाऊ शकते का? तोच डाव पुन्हा-पुन्हा आला तर? पाहणाऱ्यांनी सल्ला दिला तर? या शेवटच्या प्रश्नावर रोहिदास हसलाच. या डोंगरात पटाशी जो उभा राहील तो बकऱ्यांचा सल्लागार. बकऱ्या म्हणजे गाव, वाघ एकटा. बकरीवाल्याला सगळे सांगतात आणि वाघवाल्याला कोणी नाही. हा नियम नव्हे, रीत. पण रीत ॲपला कशी सांगायची? त्याने लिहिलं, "सल्ला चालतो." ॲपने विचारलं, "किती?"

शेवटी एका संध्याकाळी त्याने वाक्य लिहिलं की वाघाने शेजारच्या सोंगटीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की ती सोंगटी मेली. ॲपने विचारलं, "सोंगटी म्हणजे कोणतीही?" खाली उज्ज्वला जेवायला हाका मारत होती, वर डास चावत होते, आणि रोहिदासच्या सोशिकपणाचा तळ दिसू लागला होता. त्याने "हो" दाबलं. माणूस वैतागून "हो" म्हणतो तेव्हा समोरच्याने जरा चेहरा बघावा. ॲपला चेहरा दिसत नव्हता.

प्रोग्राम झाला. छान झाला. पटावर वाघ पिवळे, बकऱ्या पांढऱ्या, आणि एका बाईच्या गोड आवाजात सूचना. रोहिदासने तो कचेरीच्या लॅपटॉपवर एकदा चालवून बघितला, आणि तिथेच त्याचा प्रोग्राम त्याचा राहिला नाही.

साहेब मागे येऊन उभे होते. क्षीरसागर साहेब नुकतेच बदलून आले होते, आणि नव्या साहेबांना काहीतरी उपक्रम लागतोच. "वारघडे, हे काय?" त्यांनी विचारलं. रोहिदास उभा राहिला. त्याला वाटलं, कामाच्या वेळेत खेळ म्हणून आता लेखी खुलासा मागतील. पण साहेबांचे डोळे चमकत होते. "स्थानिक खेळ, आधुनिक तंत्रज्ञान! पुढच्या महिन्यात कर्मचारी क्रीडा महोत्सव आहे. आपण याची तालुकास्तरीय स्पर्धा घेऊ. शिक्षकही येतील. संगणकीकृत पंच!"

शिक्षकही येतील म्हटल्यावर रोहिदासला धास्ती वाटली, आणि थोडा आनंदही झाला. देवरामला बोलवायला आता त्याचं नाक मध्ये येणार नव्हतं. सरकारी पत्रच बोलावणार होतं.

मग नियम निश्चित करण्यासाठी समिती झाली. अध्यक्ष साहेब, सदस्य पुष्पलता मॅडम, सदस्य सचिव रोहिदास. पुष्पलता मॅडम जव्हारच्या. लेखा शाखेत असल्यामुळे कोणत्याही गोष्टीला आधार मागायची त्यांना सवय. "तीन वाघांना आधार काय?" त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं. रोहिदासने कातळाचा आधार सांगितला. "लेखी?" मॅडम म्हणाल्या. कातळावर कोरलेलं आहे म्हणजे लेखीच, असं रोहिदासने धाडसाने सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे ते मान्य झालं.

साहेबांनी दोन नियम स्वतः घातले. पहिला, प्रत्येक चालीला वेळेचं बंधन. ठरलेल्या वेळेत चाल केली नाही तर तो गडी हरला. दुसरा, वाघाला खाता येत असेल तर खाणे बंधनकारक. "नाहीतर वाघ नुसता फिरत बसेल आणि महोत्सव संपणार नाही," साहेब म्हणाले. "शिवाय सल्ला बंद. सभागृहात शांतता." रोहिदासला हे तिन्ही नियम पटले नव्हते, पण साहेबांचं बोलणं मध्येच तोडायची त्याची पद्धत नव्हती. टाकीवर चढून त्याने ॲपला तिन्ही सांगितले. ॲप म्हणालं, "उत्तम सुधारणा."

महोत्सवाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. धावणं आणि गोळाफेक उरकून सगळे वाघबकरी बघायला आले होते. भिंतीवर पांढरी चादर लावून त्यावर पट मोठा करून दाखवला होता. शांतता ठेवायची होती, पण इतक्या लोकांना बकरी कुठे न्यावी हे माहीत असताना त्यांनी गप्प बसावं ही अपेक्षाच क्रूर होती. लोक खोकत होते. उजवीकडे बकरी न्यायची असेल तर उजवीकडचे जोरात खोकत.

देवराम आला. त्याने रोहिदासकडे बघितलं नाही आणि रोहिदासने तो बघत नाही हे बघितलं. पहिल्या फेऱ्या सुरळीत पार पडल्या. वाघांना लांब-लांब ठेवायची सगळ्यांची सवय असल्यामुळे प्रोग्रामने कोणाला त्रास दिला नाही. रोहिदास जिंकत गेला. देवराम जिंकत गेला. अंतिम सामना या दोघांचा होणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि हे दोघं बोलत नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. चादरीवरच्या वाघापेक्षा लोकांचं लक्ष त्यावर जास्त होतं.

रोहिदासकडे वाघ आले, देवरामकडे बकऱ्या. टेबलावर एकच माऊस होता. चाल झाली की तो समोरच्याच्या हातात द्यायचा नाही, टेबलावर ठेवून बोटाने त्याच्याकडे सरकवायचा, असं दोघांनी न बोलता ठरवलं. देवराम नेहमीसारखाच खेळत होता. घाई नाही, गाजावाजा नाही, एकेक बकरी दुसरीला चिकटून. रोहिदासच्या मनात आलं, हा आत्ता मिशी ओढेल. देवरामने मिशी ओढली. इतक्या महिन्यांत आपण हे बघितलं नाही, याचं रोहिदासला खरोखर वाईट वाटलं.

आणि त्या वाईट वाटण्यात त्याचं खेळावरचं लक्ष उडालं. देवरामच्या बकऱ्यांनी रेटता-रेटता तिन्ही वाघ डोंगराच्या शेंड्याकडे एकत्र आणले. दोन वाघ शेजारी-शेजारी, आणि त्यांच्या रेघेत पलीकडे एक रिकामं घर. रोहिदासने कडेच्या वाघाला बाजूला काढायचं ठरवलं आणि माऊस दाबला.

"खाणे बंधनकारक आहे," गोड आवाज म्हणाला.

रोहिदासने पटाकडे बघितलं. खायला एकही बकरी नव्हती. त्याने दुसरा वाघ हलवून बघितला.

"खाणे बंधनकारक आहे."

"काय खाऊ?" रोहिदास लॅपटॉपला म्हणाला. सभागृहात हशा पिकला. तिसरा वाघ, तेच उत्तर. तेवढ्यात चादरीवर त्याचाच एक वाघ हिरवा होऊन लुकलुकू लागला आणि त्याच्या पलीकडचं रिकामं घरही लुकलुकू लागलं. रोहिदासला एका क्षणात टाकीवरची ती संध्याकाळ आठवली, उज्ज्वलाच्या हाका, डास आणि ते "हो". संगणक त्याला त्याचाच वाघ खायला सांगत होता. कोपऱ्यातले आकडे झपाझप उतरत होते. घाबरून त्याने माऊस दाबला. पिवळा वाघ पिवळ्या वाघावरून उडाला.

"वाघ मेला," गोड आवाज म्हणाला. "शिल्लक वाघ, दोन."

यानंतर काय झालं ते वर्णन करण्यात अर्थ नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मागच्या रांगेतले गुरुजी एकमेकांच्या पाठीत थापा मारत होते. पुष्पलता मॅडम नियमांची पानं चाळू लागल्या. रोहिदासचे कान तापले होते. स्वतः बनवलेल्या पंचाने स्वतःच्या कचेरीसमोर स्वतःचा वाघ स्वतःकडून खाऊन घ्यावा, इतकी अप्रतिष्ठा वारघडे घराण्यात कोणाची झाली नसेल. त्याने खाली मान घालून माऊस सरकवला.

देवरामची पाळी. आता उरलेले दोन वाघही एका रेघेत शेजारी होते आणि त्यांच्या पलीकडे देवरामची एक बकरी होती. ती हलली की घर रिकामं. घर रिकामं झालं की दुसराही वाघ वाघाला खाणार, बंधनकारक. हे सगळ्या सभागृहाला दिसलं. खोकणं बंद झालं आणि लोक सरळ ओरडू लागले, "गुरुजी, ती बकरी काढा! ती, कडेची!"

देवरामने माऊसवर हात ठेवला. रोहिदास आपल्या चपलांकडे बघत होता. आता होऊन जाऊ दे, असं त्याला वाटत होतं. एकदा हरलो की घरी जाता येईल, आणि घरी गेल्यावर पुन्हा तोच दुधी.

चाल होईना. रोहिदासने वर बघितलं. देवरामने माऊसवरून हात काढला होता आणि तो उभा राहिला होता.

"वाघ वाघाला खात नाय," देवराम म्हणाला.

देवराम गुरुजी शाळेत "नाही" म्हणतात. "नाय" ते फक्त खरोखर चिडले की म्हणतात.

"गुरुजी, चाल करा," साहेब पुढच्या रांगेतून म्हणाले. "वेळ चालू आहे."

"कसली चाल, साहेब? त्याच्या वाघानं त्याचाच वाघ खाल्ला. असा कोणच्या डोंगरात खेळतात?"

"नियम चारप्रमाणे," पुष्पलता मॅडम पान हातात धरून म्हणाल्या, "सोंगटी मेली. वाघही सोंगटीच. आणि नियम नऊप्रमाणे खाणे बंधनकारक. दोन्ही नियम समितीने मंजूर केलेले आहेत."

"नियम मंजूर असतील. वाघाला विचारलात का?" देवरामचा आवाज चढला. "हा माणूस लबाड हाये, मी सांगतो ना! वर्षानुवर्ष खेळलोय याच्याशी. दोन घरं उड्या मारतो, बोलता-बोलता खडा सरकवतो. पण याला हरवायचा तो मी हरवीन, बकऱ्यांनी. असा नाय. वाघानं वाघ खाल्ला तर त्याच्यात माझ्या बकऱ्यांची काय कामगिरी?"

रोहिदासला लबाड म्हटल्याचं ऐकून इतका आनंद होईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तोही उभा राहिला.

"गुरुजी, संगणक निःपक्षपाती आहे," साहेब म्हणाले.

"आहे ना. त्याला वाघ म्हाईत नाय आणि बकरीबी म्हाईत नाय, मंग तो पक्ष घेईल कोणाचा?"

तेवढ्यात गोड आवाज झाला. "वेळ संपली. बकऱ्या पराभूत. वाघ विजयी. अभिनंदन!" आणि चादरीवर फुलं पडू लागली.

मग रोहिदास ओरडला, "मी नाही जिंकलो!"

"जिंकलास," देवराम म्हणाला. "मी चाल केली नाय."

"माझ्यासाठी केली नाहीस! साहेब, हा भांडत होता म्हणून वेळ गेली. हा जिंकत होता."

"मी कशाला जिंकत होतो? जिंकत असतो तर उठलो असतो का?"

"उठलास तो भिडेपोटी!"

"भीड? तुझी? मी?"

साहेबांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. टेबलावर ट्रॉफी होती, छायाचित्रकार उभा होता, जिल्ह्याला अहवाल जायचा होता. "अहो, तुमच्यातला कोणीतरी एक जण जिंका!" ते कळवळून म्हणाले. पण कोणीच जिंकायला तयार होईना. शेवटी पुष्पलता मॅडमनी मार्ग काढला. प्रकरणी वरिष्ठ कार्यालयाचं मार्गदर्शन मागवावं आणि ते येईपर्यंत ट्रॉफी कपाटात ठेवावी. हा निर्णय इतका ओळखीचा होता की सगळ्यांना एकदम हलकं वाटलं, आणि लोक चहाकडे वळले.

परतीच्या जीपमध्ये तुकाने दोघांना मुद्दाम शेजारी बसवलं. जीप भरलेली, त्यामुळे दुसरी जागाही नव्हती. मोखाडा मागे पडला. आता चिडायचं कारण संपलं होतं, त्यामुळे दोघांनाही काय बोलावं सुचेना. रोहिदास बाहेरचे पळस बघत बसला. त्याला भीती वाटू लागली की सभागृहातलं ते सभागृहापुरतंच होतं. घर आलं की देवराम उतरून आपल्या दारात जाईल आणि पुन्हा सगळं बंद.

"गर्दीत पाय दुखतायत का तुझे?" रोहिदासने विचारलं.

"नाही, नाही. ठीक आहे," देवराम म्हणाला.

हे "नाही" ऐकून रोहिदासचं धाबं दणाणलं. असं सभ्यपणे ते कधी बोलले नव्हते. मग देवरामने घसा साफ केला.

"तसा मी जिंकतच होतो," तो म्हणाला.

"कुठे?" रोहिदास एकदम वळला. "वाघ मरायच्या आधी? माझा कडेचा वाघ सुटत होता!"

"सुटत होता! खाली माझ्या बकऱ्या काय झोपल्या होत्या?"

"मधलं घर मोकळं होतं, देवराम!"

"मोकळा नव्हता!"

आणि मग जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. मधलं घर मोकळं होतं की नव्हतं यावर जीपमध्ये दोन तट पडले. सभागृहात नसलेल्या माणसांनीही ठाम मतं दिली. तुका एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने पट दाखवत ऐकत होता. बऱ्याच वेळाने त्याने ब्रेक दाबला.

"गुरुजी," तो म्हणाला, "करंजपाडा मागंच गेला. मना पण समजला नाय."

रस्त्याच्या कडेला एक मोरी होती, तिला सिमेंटचा रुंद कठडा होता. तुका म्हणाला, इथून फिरवतो गाडी. पण देवराम आधीच उतरला होता. त्याने खालून एक पांढरा खडू-दगड उचलला आणि कठड्यावर डोंगर काढायला बसला. आधी त्रिकोण, मग आडव्या रेघा. रेघ वाकडी गेली की तो मिशी ओढी आणि पुसून पुन्हा काढी.

"बघत काय बसलास?" तो मान वर न करता रोहिदासला म्हणाला. "गोटे आण. मधला घर कसा मोकळा होता ते दाव मना."

रोहिदास मोरीच्या खाली उतरला. कोरड्या ओढ्यात गोटेच गोटे होते. काळे तीन निवडताना त्याला दिसेनासं झालं, म्हणून त्याने हातरुमालाने डोळे पुसले आणि धूळ फार आहे असं मोठ्याने सांगितलं, जरी त्याला कोणी विचारलं नव्हतं.

एव्हाना जीप रिकामी झाली होती आणि सगळे प्रवासी कठड्याभोवती उभे होते. उशीर होतोय असं कोणी म्हणालं नाही. एक जण बाहेरगावचा होता, वाड्याकडचा, त्याला खेळ माहीत नव्हता. त्याने विचारलं, "नियम काय याचे?"

रोहिदासने देवरामकडे बघितलं, देवरामने रोहिदासकडे.

"अडलं की भांडू," दोघं एकदम म्हणाले.

देवरामने पहिली बकरी ठेवली. आणि चार चाली होतात न होतात तोच अडलं.